खडूच्या डोंगराखालची दुपार: सेलबर्न गावात काय, कुठे आणि का दिसतं

जुलैत सेलबर्नला सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात एक वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. उन्हाळ्यात ब्रिटनमधली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात आणि दिवस मावळायला रात्रीचे नऊ-सव्वानऊ होतात. त्यामुळे आपण ज्याला चारची उतरती उन्हं म्हणतो, ती तिथे सहाच्या पुढे पडतात. निसर्ग बघायला जाणाऱ्याने आधी हा हिशेब पक्का करावा. पक्षी बघायचे तर पहाटे उठा, हा नियम मे महिन्यात तिथेही खरा. जुलैच्या मध्यावर मात्र पिल्लं उडून गेलेली असतात, मोठ्यांची जुनी पिसं गळून नवी येत असतात आणि बहुतेक गाणारे पक्षी झुडपात गप्प बसतात. दुपार मग उरते ती फुलपाखरांची, भुंग्यांची, चतुरांची आणि आभाळात उंच घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्यांची.

सेलबर्न दक्षिण इंग्लंडमधल्या हॅम्पशरमध्ये आहे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून ऑल्टनपर्यंत रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास, आणि तिथून बसने सात-आठ किलोमीटर. गाव एकाच लांब रस्त्याच्या कडेने पसरलेलं. नैऋत्येला गावापेक्षा सुमारे ३०० फूट उंच डोंगर उभा आहे आणि तो खडूचा आहे. खडूचा म्हणजे शब्दशः खडूचा: जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा मऊ, पांढरा चुनखडक. पावसाचं पाणी त्यावर थांबत नाही, आत मुरतं आणि पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. सेलबर्नच्या अशा झऱ्याला वेलहेड म्हणतात. गाव नेमकं इथेच का वसलं, याचं अर्धं उत्तर त्या झऱ्यात आहे.

एवढ्या खेड्यांतून हेच निवडायचं कारण म्हणजे गिल्बर्ट व्हाइट. १७२० साली इथेच जन्मलेला आणि १७९३ साली इथेच वारलेला हा पाद्री. त्याने आपल्या गावाभोवतीचे पक्षी, किडे, पाऊस, गांडुळं वर्षानुवर्षं रोज नोंदली आणि १७८९ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. तोवर अभ्यासक प्रामुख्याने मेलेले नमुने मांडून बसत. हा गडी दुर्मीळ काही शोधायला लांब गेला नाही, रोज तीच वाट चालला. त्यामुळे सेलबर्नमध्ये एखादा पक्षी दिसला की 'अडीचशे वर्षांपूर्वी हा इथेच होता का?' हा प्रश्न विचारता येतो आणि बऱ्याचदा उत्तरही मिळतं. ही सोय फार थोड्या गावांना आहे.

दक्षिण इंग्लंडमध्ये ताडोबासारखं जंगल शोधू नये, ते नाही. तिथली बरीचशी जीवसृष्टी माणसाच्या कामाच्या फटींत राहते: कौलाखाली, थडग्यांच्या दगडावर, शेताच्या बांधावर, मेंढ्यांनी आखूड ठेवलेल्या गवतात. काम बदललं की फट बुजते, फट बुजली की जीव जातो. गावातून फिरताना हे सूत्र हाताशी असलं की पुढचं सगळं आपोआप उलगडत जातं.

वळचणीला कोण राहतं

रस्त्यावर उभं राहून आधी वर बघा. तीन पक्षी दिसू शकतात आणि तिन्ही एकच वाटतात. काळपट तपकिरी, कोयत्याच्या पात्यासारखे लांब वाकडे पंख आणि तारेवर कधीच न बसणारी ती पाकोळी, तिथली स्विफ्ट. शेपटीला दोन लांब काड्या आणि गळा विटकरी असेल तर भिंगरी, म्हणजे स्वालो. आपल्या तारांवर हिवाळ्यात रांगेने बसते ती माळभिंगरी हीच जात. फक्त इंग्लंडमधल्या भिंगऱ्या हिवाळ्यात थेट दक्षिण आफ्रिका गाठतात, आपल्याकडच्या उत्तरेकडून येतात. तिसरी हाउस मार्टिन. तिची शेपटी आखूड, दुबेळक्याची, आणि पाठीवर शेपटीच्या बुडाशी पांढराशुभ्र पट्टा. उडताना पट्टा दिसला की प्रश्न मिटला.

मार्टिनचं घरटं भिंत आणि छप्पर मिळतात त्या कोपऱ्यात असतं. ओल्या मातीच्या साधारण हजारभर गोळ्या चोचीने आणून चिकटवलेला तो अर्धा वाडगा, वरच्या कडेला आत शिरायला लहानशी फट. व्हाइटने यातली एक गंमत टिपली. मार्टिन बांधकाम सकाळीच करते आणि उरलेला दिवस थर वाळायला सोडते. एका दिवसात जेमतेम अर्धा इंच. घाई केली तर ओला थर स्वतःच्याच वजनाने खाली येईल. असं करत दहा-बारा दिवसांत घरटं पुरं होतं. मातीची भिंत रचणाऱ्या आपल्या गवंड्यांनाही हे सांगावं लागत नाही. घरटं फसतं ते दोन कारणांनी. मे-जूनमध्ये पाऊस नसला तर डबकी आटतात आणि चिखल मिळत नाही. आणि भिंत गुळगुळीत रंगाची किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांची असेल तर गोळे पकड घेत नाहीत. अंगणात एखादा कोपरा बादलीभर पाण्याने रोज ओला ठेवणं हा पहिल्या अडचणीवर सगळ्यात स्वस्त उपाय.

पाकोळीचं दुखणं वेगळं आहे. ती घरटं बांधत नाही म्हटलं तरी चालेल. हवेत उडणारी पिसं आणि काड्या थुंकीने चिकटवून चौकट तेवढी करते. तिला हवी असते ती जुन्या छपराखालची फट. दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात ती आफ्रिकेतून येते, नेमक्या त्याच फटीत शिरते, दोन-तीन अंडी घालते आणि ऑगस्ट उजाडता उजाडता निघून जाते. मुक्काम इनमीन तीन महिन्यांचा. बाकीचा काळ ती हवेतच असते. स्वीडनमधल्या संशोधकांनी पाठीवर छोटी यंत्रं बसवून दाखवलं की काही पाकोळ्या दहा महिने जमिनीला टेकतच नाहीत.

व्हाइटने सेलबर्नच्या पाकोळ्या मोजल्या. दरवर्षी आठ जोड्या, त्यातल्या साधारण निम्म्या चर्चमध्ये आणि बाकीच्या गावातल्या गरिबांच्या बुटक्या गवती छपरांत. पाकोळ्या उडता उडता जुगतात, हेही त्यानेच पाहून लिहिलं. तो चुकलाही. या पक्ष्यांपैकी काही हिवाळ्यात दूर न जाता गावाच्या आसपासच कुठेतरी निजून राहत असतील, ही शंका त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. जे डोळ्यांसमोर घडत नाही त्यावर विश्वास ठेवायला तो तयार नव्हता, आणि त्याचा हाच गुण इथे त्याला नडला.

१९९५ पासून ब्रिटनमधल्या पाकोळ्या निम्म्याहूनही कमी झाल्या. २०२१ मध्ये पाकोळी आणि मार्टिन दोघींची नावं धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेली. हवेतले किडे घटले हे एक कारण. दुसरं म्हणजे घराची दुरुस्ती. उष्णता राखण्यासाठी छपराच्या फटी फोमने बुजवतात, पाखी नव्या पट्ट्यांनी बंद करतात. घरमालकाला आत पक्षी राहतो याचा पत्ताही नसतो, कारण पाकोळी शिरते ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. हजारो किलोमीटर उडून आलेली ती जून महिन्यात बंद भिंतीवर आपटत राहते.

यावर तोड म्हणजे खोकं किंवा पोकळ वीट. मापं महत्त्वाची आहेत. दार आडवं, सुमारे ६५ मिलिमीटर रुंद आणि २८ ते ३० मिलिमीटर उंच. उंची याहून वाढली की साळुंकीच्या कुळातली स्टार्लिंग आत घुसते. खोकं जमिनीपासून किमान पाच मीटरवर, आणि खाली मोकळी जागा हवी, कारण पाकोळी बाहेर पडताना आधी खाली झेप घेते आणि मग पंख पसरते. दक्षिणेच्या भिंतीवर सावलीशिवाय लावलेलं खोकं भट्टी होतं आणि पिल्लं पंख तयार व्हायच्या आत उड्या टाकतात. नवं खोकं लावून वाट बघत बसलं तर वर्षं जातात. म्हणून मे ते जुलै रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याजवळ पाकोळ्यांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण लावतात. जागा शोधणाऱ्या तरुण पाकोळ्या तो ऐकून येतात. पाकोळी जमिनीवर पडलेली सापडली तर तिला हवेत भिरकावू नये, बहुतेक लोक हीच चूक करतात. बुटाच्या खोक्यात मऊ फडकं घालून अंधारात ठेवावं आणि पक्षी सांभाळणाऱ्या जाणकाराला बोलवावं.

दफनभूमीतलं दगडफूल

सेंट मेरी चर्चच्या आवारात एक प्रचंड यू वृक्ष होता. व्हाइटने घेर मोजला तेव्हा तेवीस फूट भरला. २५ जानेवारी १९९० च्या वादळात तो मुळासकट आडवा झाला. मुळांखाली जुन्या दफनांचे सांगाडे निघाले. फांद्या छाटून झाड पुन्हा उभं करायचा प्रयत्न झाला, पण ते जगलं नाही. आज बुंधा तेवढा उरला आहे. यूची पानं आणि बी गुरांना मारतात, माणसालाही. मुलं बरोबर असतील तर लाल गराची फळं तोंडात जाणार नाहीत याकडे लक्ष असू द्यावं.

पण आवारात खरं बघायचं ते गुडघ्यावर बसून. थडग्यांच्या दगडांवर राखाडी, पिवळे, नारिंगी डाग दिसतात. पाहुण्यांना ती बुरशी वाटते, कुणाला रंगाचे शिंतोडे. ते आपलं दगडफूल आहे, म्हणजे त्याच कुळातलं. गोड्या मसाल्यात टाकतो तो लायकेनचा एक प्रकार, हे त्याचे भाऊबंद. लायकेन हा एकटा जीव नसतो. बुरशी आणि शेवाळ यांचा तो संसार. शेवाळ उन्हावर अन्न शिजवतं, बुरशी घर आणि पाणी सांभाळते. वाढ इतकी हळू की वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात मोजावी. आणि दगडावर मृत्यूचं साल कोरलेलं असल्यामुळे डागाचं जास्तीत जास्त वय आयतंच कळतं. नारिंगी डाग बहुधा चुनखडीच्या दगडावर सापडतो. मधून तो झडत जातो आणि बाहेरून वाढत राहतो, त्यामुळे जुन्या डागाचं कडं बनतं. वाळूच्या दगडावर जाती वेगळ्या. एकाच थडग्याची दक्षिण बाजू उन्हाची आणि उत्तर बाजू ओलसर, त्यामुळे दोन्हीकडे पाहुणे निराळे. भिंग असेल तर दहापट मोठं दाखवणारं पुरे.

ब्रिटनमध्ये लायकेनच्या सुमारे दोन हजार जाती आहेत, त्यांतल्या सातशेहून जास्त चर्चच्या आवारांत मिळाल्या आहेत. सखल दक्षिणेत नैसर्गिक खडक फारसे उघडे पडत नाहीत, त्यामुळे दगडी थडगं हाच त्यांचा कातळ. या आवारांचं वाटोळं होतं ते प्रेमापोटी. आजोबांचं नाव नीट वाचता यावं म्हणून कुणीतरी तारेचा ब्रश आणि ब्लीच घेऊन बसतं आणि दोनशे वर्षांचं काम अर्ध्या तासात साफ. नाव वाचायचंच असेल तर तिरक्या उन्हाची वाट बघावी, किंवा आरशाने बाजूने उजेड पाडावा. अक्षरं आपोआप उठून दिसतात.

डोंगरावर: फुलं का येतात आणि का जातात

गावामागच्या उतारावरच्या रानाला हँगर म्हणतात. उतारावर लटकल्यासारखं रान, म्हणून ते नाव. झाडं मुख्यतः बीचची. वर जायला व्हाइटने भावाच्या मदतीने १७५३ मध्ये नागमोडी वाट कोरली. झिगझॅग हेच तिचं नाव आणि ती अजून वापरात आहे. पावसानंतर ओला खडू साबणासारखा होतो, उतरताना घसरतात ते तिथेच. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. पंप शूज घालून गेलेला माणूस चढताना हसतो आणि उतरताना शांत होतो.

बीचची सावली दाट. मेअखेर पानांचं छप्पर मिटलं की खाली जवळजवळ काही उगवत नाही. म्हणून दुपारी रानाच्या पोटात फार न रेंगाळता झाड पडून उजेड शिरला आहे अशी जागा गाठावी. जुलैत ब्रॅम्बलच्या, म्हणजे रानटी ब्लॅकबेरीच्या फुलांवर मोठं नारिंगी फुलपाखरू दिसतं, पंखाखालून हिरवट आणि त्यावर चांदीचा हात फिरवल्यासारखं. सिल्व्हर वॉश्ड फ्रिटिलरी. याची मादी अंडी सुरवंटाच्या खाऊवर घालत नाही. खाऊ म्हणजे जमिनीलगतची व्हायोलेटची रोपटी. ती अंडी घालते जवळच्या झाडाच्या सालीच्या खाचेत. सुरवंट बाहेर येऊन सालीतच हिवाळा काढतो आणि वसंतात खाली उतरून व्हायोलेट शोधतो. म्हणजे याला झाडही हवं, खाली व्हायोलेटही हवी आणि व्हायोलेटपर्यंत पोहोचणारं ऊनही हवं. रान कुणी तोडलंच नाही तर तिसरी गोष्ट जाते, फुलपाखरूही जातं.

दक्षिणेला दोन-एक किलोमीटरवर नोअर हिल आहे. मध्ययुगात इथून खडू खणून शेतात टाकायला नेत. त्या खाणींचे खड्डे आता गवताने भरले आहेत आणि जागा राखीव आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला इथलं गवत दरिद्री वाटतं: आखूड, विरळ, मध्ये पांढरी माती. नेमकं तेच त्याचं धन आहे. खडूवरच्या गवताळ जमिनीत एका चौरस मीटरमध्ये वनस्पतींच्या चाळीसपर्यंत जाती मिळू शकतात.

कारण सोपं आहे पण आपल्या शेतकरी मनाला उलटं वाटतं. सुपीक जमिनीत दोन-चार दांडगी गवतं भराभर वाढतात आणि बाकीच्यांचं ऊन खातात. नापीक जमिनीत दांडग्यांनाही जेमतेम मिळतं, त्यामुळे सगळ्यांना जागा उरते. खत घातलं की फुलं जातात. १९३० च्या दशकापासून पुढच्या पन्नास वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधली फुलांची जुनी कुरणं जवळपास ९७ टक्के संपली ती नांगराने आणि खताच्या पोत्याने.

म्हणून कुरण परत आणताना पहिलं काम जमीन गरीब करण्याचं असतं. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये, बी पडून गेल्यावर, गवत कापायचं, दोन-चार दिवस तिथेच वाळू द्यायचं म्हणजे उरलेलं बी झडतं, आणि मग सगळं उचलून न्यायचं. उचलणं चुकवलं की कापलेलं गवत कुजून तेच खत होतं आणि मेहनत पाण्यात. जोडीला यलो रॅटल पेरतात. ही पिवळ्या फुलांची वर्षायू वनस्पती आपली मुळं गवताच्या मुळांना लावून त्याचा रस चोरते आणि दांडग्या गवताची रग जिरवते. तिचं बी शरद ऋतूतच टाकावं लागतं, कारण हिवाळ्याची थंडी लागल्याशिवाय ते रुजत नाही. वसंतात पेरून 'उगवलं नाही' म्हणणारे दरवर्षी निघतात. बी मातीला टेकायला हवं, म्हणून आधी गवत बुडखाशी कापून, खरवडून निम्मी माती उघडी पाडतात. एखाद्या वर्षी तिला बी येण्याआधीच कापणी झाली तर ती त्या कुरणातून साफ जाते, कारण तिचं बी जमिनीत फार काळ टिकत नाही.

नोअर हिलवर जून-जुलैत मस्क ऑर्किड फुलते. नाव भारदस्त, उंची पाच ते पंधरा सेंटिमीटर, रंग पिवळट हिरवा. गवतात ती दिसतच नाही आणि लोक तिच्यावर पाय देऊन दुसरी ऑर्किड शोधत पुढे जातात. जवळ गेलं तर मधाचा वास येतो. इथलं नावाजलेलं फुलपाखरू, ड्यूक ऑफ बर्गंडी, मात्र जुलैत भेटत नाही, त्याचा काळ मे. त्याच्या सुरवंटाला काउस्लिप ही पिवळ्या फुलांची वनस्पती लागते, आणि तीही झुडपाच्या आडोशाला वाढलेली, हिरवीगार. भर उन्हात करपलेली चालत नाही. म्हणजे जनावरांनी गवत पार जमिनीला लावलं तर ड्यूक जातो आणि जनावरं आणलीच नाहीत तर झुडपं सगळं गिळतात. राखणदाराचं कौशल्य या दोहोंच्या मधलं.

हे किती बारीक असू शकतं त्याचं उदाहरण हॅम्पशरबाहेरचं आहे, पण सांगण्याजोगं. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये आला आणि ससे बहुतेक मेले. गवत काही सेंटिमीटर वाढलं. त्या सावलीने जमीन थोडी थंड झाली. त्या थंडीने लाल मुंग्यांची एक जात हटली. लार्ज ब्लू या फुलपाखराचा सुरवंट त्याच मुंग्यांच्या वारुळात त्यांची पिल्लं खाऊन मोठा होतो. १९७९ मध्ये ते फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं झालं. कारण उमगल्यावर गवताची उंची राखली आणि स्वीडनहून आणून ते पुन्हा वसवलं. आज ते उडतं.

फुलपाखरं मोजायची असतील तर थर्मामीटर बघा. तेरा-चौदा अंश आणि लख्ख ऊन असेल तर उडतात. ढग असतील तर सतरा अंश तरी हवेत. जुलै-ऑगस्टमध्ये देशभर लोक एका जागी पंधरा मिनिटं थांबून दिसतील तेवढी मोजतात.  

बांध, बोळ आणि ओढा

शेतांमधल्या हेज म्हणजे कोकणातल्या वईसारखंच काटेरी जिवंत कुंपण: हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल, रानगुलाब. एकेकाळी ती हिवाळ्यात 'घालत'. खोड बुडाशी पाऊणभर छेदून आडवं वाकवायचं. सालीची एक पट्टी शाबूत राहिली की खोड जगतं आणि खालून नवे धुमारे फुटतात. आता ट्रॅक्टरचा फिरता दांडका दरवर्षी हेज चौकोनी ठोकून काढतो. ब्राउन हेअरस्ट्रीक हे फुलपाखरू ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्लॅकथॉर्नच्या कोवळ्या, एक-दोन वर्षांच्या काटक्यांवर अंडी घालतं आणि ती अंडी सबंध हिवाळा तिथेच असतात. दरवर्षी छाटणी म्हणजे दरवर्षी अंडी गेली. तीन वर्षांतून एकदा, आळीपाळीने एकेक बाजू छाटली तर ती वाचतात. एवढं साधं आहे. आता १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतावरची हेज छाटायला कायद्याने बंदी आहे, ती प्रामुख्याने घरट्यांसाठी. अंड्यांचा हिवाळा त्यात येत नाही.

सेलबर्नचे जुने रस्ते गाडीच्या चाकांनी आणि पावसाच्या लोंढ्यांनी झिजून शेताच्या पातळीच्या कितीतरी खाली गेले आहेत. व्हाइटच्या काळीच काही ठिकाणी ते सोळा-अठरा फूट खोल होते. भर उन्हातून त्या बोळात उतरलं की गारवा लागतो. दोन्ही भिंतींवर नेचे, हार्ट्स टंगची जिभेसारखी पानं, मधूनमधून उघडी पडलेली मुळं. दुपारी तापलेली फुलपाखरं इथे येत नाहीत, पण पानांत हलणारा पक्षी एका चिमटीत बसेल एवढा असेल आणि 'चिफ-चाफ, चिफ-चाफ' करत असेल तर तो चिफचॅफ. हा, विलो वॉर्बलर आणि वुड वॉर्बलर हे तीन वेगळे पक्षी आहेत, हे व्हाइटने आवाजावरून ओळखलं. आपल्याकडचे वटवट्ये ओळखताना घाम फुटलेल्या कुणालाही त्या कामाची किंमत कळेल.

ओढ्याकाठी भारतीय माणसाला ओळखीचं फूल भेटू शकतं. दक्षिण इंग्लंडच्या ओढ्यांना एका तेरड्याने ग्रासलंय. काठावर पुरुषभर उंच, गुलाबी, बोट लागताच फुटणाऱ्या शेंगांचा. हा हिमालयातला तेरडा, कासच्या पठारावरच्या तेरड्यांचा थोराड चुलतभाऊ. १८३९ मध्ये बागेची शोभा म्हणून आणला, आणि मग तो पळाला. एका झाडाला आठशेपर्यंत बिया, शेंग फुटली की त्या सात मीटरपर्यंत उडतात आणि ओढा त्यांना पुढे नेतो. उन्हाळाभर तो बाकी सगळ्यांना सावलीत मारतो. थंडीत स्वतः मरतो आणि काठ उघडा टाकतो, मग पुराचं पाणी माती नेतं. मधमाश्यांना तो आवडतो, म्हणून मधवाले त्याची बाजू घेतात.

काढायची पद्धत हाताने उपटण्याची. मुळं उथळ, झाड सहज येतं. पण वेळ शेंगा धरण्याआधीची, म्हणजे जून ते जुलैचा मध्य. ओढ्याच्या उगमाकडून सुरुवात करून खाली यायचं, नाहीतर वरून बी येतच राहतं. देठ सांध्यावर मोडून ढीग कोरड्या जागी. ओलसर मातीवर टाकलेलं झाड पुन्हा मुळं धरतं. आणि दोन-तीन वर्षं लागोपाठ यायचं, कारण जमिनीतलं बी एवढा काळ जिवंत राहतं. २०१४ पासून त्याच्यावर हिमालयातूनच आणलेली तांबेरा बुरशी सोडत आहेत, जी त्याला मायदेशी आवरते.

पायवाटेवर पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही मुभा. ती खासगी शेतातून जाते, तरी हक्काची आहे, मात्र फाटक जसं सापडलं तसं ठेवावं. गाय-वासरांच्या मधून जाऊ नये. गरम होत असलं तरी पॅन्ट पूर्ण लांबीची हवी, नेटलचे काटे आपल्या खाजकुइलीइतकेच मनापासून चावतात. खडूवर वाइल्ड पार्सनिपची पिवळी छत्रीफुलं तोडू नयेत. रस कातडीला लागून ऊन पडलं की दिवसा-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचीड शोधावी. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढायची. तेल, काडी, पिळणं काही नाही. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती गोल लाल चट्टा पसरला तर तो लाइम रोग असू शकतो, तेव्हा डॉक्टरला चट्टा दाखवून गोचीड चावल्याचं सांगावं.

दुपारी रस्त्यावर हेजहॉग, म्हणजे अंगभर काटे असलेला छोटा प्राणी, दिसला तर फोटो काढण्यात वेळ घालवू नये. तो निशाचर आहे, दिवसा उघड्यावर भटकतो म्हणजे बहुधा आजारी. दूध देऊ नये, त्याने जुलाब होतात. पाणी आणि मांसाचं मांजरखाद्य चालतं.

मुक्काम असेल तर सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास चर्चजवळ परत यावं. जुलैत अजून पाकोळ्या असतात. टोळक्याने किंचाळत छपरांलगत फेऱ्या मारतात आणि हळूहळू वर चढत जातात, कारण त्या झोपतातही हवेत. याच वेळी, पुरता अंधार पडायच्या आधी, त्यांच्याच उंचीवर एक मोठं, अरुंद पंखांचं वटवाघूळ निघतं. नॉक्ट्यूल. ब्रिटनमध्ये ते पहिल्यांदा नीट ओळखलं ते व्हाइटने, आणि उंचावर शिकार करतं म्हणून त्याला 'उंच उडणारं' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. दोघांत फरक असा: पाकोळी वळते ती मोठा कंस घेत, पंख ताठ ठेवून. नॉक्ट्यूल सरळ जाता जाता अचानक डोकं खाली घालून पडतं आणि पुन्हा सावरतं. त्या क्षणी त्याने भुंगेरा पकडलेला असतो.